माळरानावरचा संसार
(कै. साधनाताई आमटे यांचे चरित्र)

ओसाड भूमी लागवडीस आणणाऱ्या पुरुषांची नावे इतिहासात राहतात. त्याच भूमीवर चूल पेटती ठेवणाऱ्या स्त्रियांची सहसा राहत नाहीत. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने कुटुंबांस १६० एकर जमीन मिळू लागली, तेव्हा तेथील अफाट गवताळ मैदानांवर हजारो शेतकरणींनी मातीच्या घरांतून संसार थाटले. त्यांच्या कथा आपण कुतूहलाने वाचतो. परंतु अशी स्त्री पाहण्यास आम्हां मावलावासीयांना समुद्र ओलांडावयास नको. पैनगंगा ओलांडून वणीच्या वाटेने पुढे गेले की चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरे लागते. त्या गावाजवळचे आनंदवन ज्यांच्या कष्टांनी उभे राहिले, त्या साधनाताई आमटे यांचे हे चरित्र होय.

ताईंचे माहेरचे नाव इंदू घुले. त्यांचा जन्म ५ मे १९२६ रोजी झाला. नागपूरचे हे घराणे शास्त्राध्ययनाचे व कडक सोवळ्याचे. घरात लग्नाची गडबड चालू असता ही मुलगी हळूच बाहेर निघून एका म्हाताऱ्या मोलकरणीस धुणे धुवावयास मदत करीत होती. ते दृश्य वकील मुरलीधर आमटे यांनी पाहिले आणि आपली सहचारिणी हीच, असे ठरविले. १८ डिसेंबर १९४६ रोजी विवाह झाला व इंदूची साधना झाली. सासर जमीनदाराचे, परंतु पतीने सुखाकडे पाठ फिरविली होती. वरोऱ्यास श्रमाश्रमात सर्व जातींच्या माणसांसह राहताना ताईंना माहेरचे सोवळे सोडावे लागले. ते त्यांनी कुरकुर न करता सोडले.

पुढची परीक्षा याहून कठीण होती. बाबांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे व्रत घेतले. त्या काळी या रोगाचे नाव काढताच सख्खे नातलग दार लावून घेत. १९५१ साली पन्नास एकर खडकाळ, झुडुपांनी भरलेल्या माळावर हे कुटुंब राहावयास गेले. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि गाठीस चौदा रुपये! थोरला विकास चार वर्षांचाही नव्हता. धाकटा प्रकाश त्याहून वर्षभराने लहान. भोवती साप-विंचवांचे राज्य, आणि पाण्यासाठी आधी खडक फोडून विहीर खणावयाची. रुग्णांच्या सहवासात आपली तान्ही वाढवावयाची, ही गोष्ट कोणत्या आईच्या काळजाचा थरकाप उडविणार नाही? तरीही ताई मागे फिरल्या नाहीत. सर्वांचा स्वयंपाक त्यांनी एकाच चुलीवर केला.

विहिरीस पाणी लागले, शेत पिकू लागले. पण रोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याचे लोक घेईनात! मातीने दिले ते माणसांनी नाकारले. पुढे परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक तेथे राहिले, रुग्णांबरोबर राबले, त्यांनी पिकविलेलेच जेवले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. ज्या माळाकडे लोक फिरकत नसत, तेथे १९६४ साली महाविद्यालय निघाले आणि पाठोपाठ कृषी महाविद्यालयही. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. मनातला रोग मात्र अशा सहवासानेच जातो.

१९९० साली बाबा नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नसे. चौसष्टाव्या वर्षी ताईंनी फुललेले आनंदवन मागे ठेवून पुन्हा नव्या ठिकाणी चूल मांडली. आपल्या आठवणी त्यांनी ‘समिधा’ या आत्मचरित्रात लिहून ठेविल्या. २००८ साली बाबा गेले आणि ९ जुलै २०११ रोजी ताईंनीही इहलोक सोडला.

आमच्या घरांतील कित्येक आया व आज्या काळ्या मातीत कापूस वेचून, ज्वारी खुडून संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी बसतात. त्यांच्या श्रमांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. विद्यार्थिमित्रांनो, ताईंचे चरित्र वाचून आपण त्या हातांकडे आदराने पाहावयास शिकलो, आणि समाजाने दूर लोटलेल्या माणसाच्या हातचे पाणी निःशंक मनाने घेतले, तर हे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.