लेआँ ब्लूम : एका शांततावाद्याची अग्निपरीक्षा

शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता पाण्याची घागर घेऊन धावावे, की ठिणगी आपल्या छपरावर येईल म्हणून दार लावून आत बसावे? प्रश्न सोपा वाटतो. पण ज्याच्या हाती चार कोटी माणसांचे घर असते, त्याला तो सोपा नसतो. फ्रान्सचे पंतप्रधान लेआँ ब्लूम यांच्यापुढे हा प्रश्न १९३६ च्या उन्हाळ्यात उभा राहिला. आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात स्पेनच्या यादवी युद्धाला जेमतेम अर्धे पान आहे आणि ब्लूम यांचे नाव एका ओळीत येते. तेवढ्याने माझे समाधान होईना, म्हणून ग्रंथालयात जे मिळेल ते मी वाचत गेले.

ब्लूम यांचा जन्म ९ एप्रिल १८७२ रोजी पॅरिसमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचा रेशमी फितींचा व्यवसाय होता. कायद्याचे शिक्षण घेऊन ब्लूम सरकारी सेवेत शिरले आणि नाट्यसमीक्षक म्हणूनही त्यांनी नाव मिळविले. द्रेफ्यूस या निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरविणाऱ्या प्रकरणाने ते हादरले. त्याच काळात समाजवादी पुढारी झाँ झोरेस यांचा सहवास त्यांना लाभला. झोरेस युद्धाचे कडवे विरोधक होते. पहिले महायुद्ध पेटण्याच्या तोंडावर, ३१ जुलै १९१४ रोजी, त्यांचा खून झाला. गुरूचे व्रत शिष्याने उचलले. ब्लूम १९१९ मध्ये संसदेत निवडून आले. पुढच्याच वर्षी समाजवादी पक्ष फुटला, बहुसंख्य प्रतिनिधी कम्युनिस्टांकडे गेले, आणि उरलेला पक्ष ब्लूम यांनी नेटाने बांधला.

हे काम सुखाचे नव्हते. फेब्रुवारी १९३६ मध्ये राजेशाहीवादी तरुणांच्या जमावाने भर रस्त्यात त्यांना रक्तबंबाळ केले. पण जूनमध्ये तेच ब्लूम लोकआघाडीचे पंतप्रधान झाले. फ्रान्सचे ते पहिले समाजवादी आणि पहिले ज्यू पंतप्रधान होते. काही आठवड्यांतच कामगारांना ४० तासांचा आठवडा आणि वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. माझे वडील रोजंदारीवर जातात. आमच्या घरी रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे समुद्र कधी न पाहिलेली कामगार कुटुंबे त्या उन्हाळ्यात समुद्रकिनारी गेली, हे वाचून माझे मन भरून आले.

आणि नेमक्या याच वेळी शेजारी आग लागली. १७ जुलै १९३६ रोजी स्पेनच्या लष्करी अधिकाऱ्यांनी तेथील लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड केले. त्या देशाच्या पंतप्रधानांनी ब्लूम यांना तार करून विमाने आणि शस्त्रे मागितली. ब्लूम यांचा पहिला विचार मदत देण्याचाच होता.

पण बातमी फुटली आणि फ्रान्समध्ये रणे माजली. उजव्या वृत्तपत्रांनी टीकेचा भडिमार केला. कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाक यांनी सरकारला जाहीर इशारा दिला. मंत्रिमंडळातील रॅडिकल पक्षाचे अनेक सहकारी विरोधात गेले. संकट ओढवलेच तर ब्रिटन पाठीशी उभे राहील, अशी खात्री नव्हती. उलट विमानखात्याचे मंत्री प्येर कॉत मदतीसाठी हट्ट धरून होते, आणि रस्त्यावरचे कामगार स्पेनसाठी विमाने मागत होते. मदत करावी तर सरकार पडणार, नुकतेच मिळालेले हक्क धोक्यात येणार, कदाचित फ्रान्समध्येच यादवी माजणार. न करावी तर मित्र मरणार. ब्लूम राजीनामा द्यायला निघाले होते. स्पॅनिश मित्रांनीच त्यांना थांबविले.

अखेर ८ ऑगस्टला शस्त्रांसाठी सीमा बंद झाली. कोणीच मदत करू नये, असा करार ब्लूम यांच्या सरकारने सुचविला आणि युरोपातील २७ राष्ट्रांनी तो मान्य केला. ६ सप्टेंबरला पॅरिसच्या लुना पार्कमध्ये आपल्याच संतप्त अनुयायांसमोर उभे राहून त्यांनी या निर्णयाची बाजू मांडली. सभा त्यांनी जिंकली, पण मनातले शल्य गेले नाही.

भाऊबंदकीत तिऱ्हाइताने पडू नये, असे आमच्या गावातली जाणती माणसे सांगतात. मान्य! पण एका भावाच्या बाजूने बाहेरचे दोन पहिलवान लाठ्या घेऊन बांधावर उतरले असतील तर? हिटलर आणि मुसोलिनी यांनीही त्या करारावर सह्या केल्या होत्या. तरी जर्मन विमाने आणि हजारो इटालियन सैनिक स्पेनमध्ये लढत राहिले. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका हे गाव बेचिराख झाले, ते याच विमानांनी. दुसऱ्या बाजूला रशियाने सरकारपक्षाला शस्त्रे विकली. ब्लूम यांचे अधिकारीही रात्री सीमेवरून काही माल जाऊ देत, पण तो अपुरा होता. जून १९३७ मध्ये त्यांचे सरकार गेले. मार्च १९३८ मध्ये ते जेमतेम महिनाभर पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी सीमा शस्त्रांसाठी मोकळी केली. पुढच्या सरकारने ती पुन्हा बंद केली.

हा वाद आपल्यापासून फार दूर नव्हता. पंडित नेहरू जून १९३८ मध्ये बार्सिलोनाला जाऊन आले आणि त्यांनी या अलिप्ततेवर कडाडून टीका केली. स्पेनमध्ये जखमींची सेवा केलेले डॉ. अटल हेच पुढे चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस त्याच पथकात होते.

१९३९ च्या आरंभी बार्सिलोना पडले आणि जवळपास पाच लाख निर्वासित फ्रान्सच्या सीमेवर आले. शस्त्रांना बंद असलेली सीमा माणसांसाठी उघडावी लागली. जे महायुद्ध टाळण्यासाठी हे सारे केले, तेही काही महिन्यांत आलेच.

मग ब्लूम भित्रे होते काय? मला तसे वाटत नाही. १० जुलै १९४० रोजी संसदेने पेताँ यांच्या हाती सर्वाधिकार सोपविले, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या ८० जणांत ते होते. १९४२ मध्ये रीओमच्या खटल्यात आरोपी असूनही त्यांनी सरकारलाच उत्तरे द्यायला लावली. पुढे त्यांना बुखेनवाल्डला नेण्यात आले. त्यांचा भाऊ रने आउश्वित्झमध्ये मारला गेला. स्वतः ब्लूम वाचले, १९४६ च्या अखेरीस महिनाभर पुन्हा सरकारचे प्रमुख झाले आणि ३० मार्च १९५० रोजी निधन पावले.

धैर्य त्यांच्यापाशी होते, आणि स्वतःच्या जिवाची त्यांनी कधी पर्वा केली नाही. त्यांना भीती होती ती इतरांच्या जिवाची. पण सर्वांनी पाळला तरच अलिप्ततेचा करार न्याय्य ठरतो. एकट्या सज्जनाने पाळला की त्याचे पाणी बलवानाच्याच शेतात जाते. हे ब्लूम यांना लवकर उमगले, तरी ते मोकळे होऊ शकले नाहीत. वर्गात या विषयावर वाद झाला तर मी शस्त्रे पाठविण्याच्या बाजूने बोलेन. मात्र बोलण्यापूर्वी, दोन आठवड्यांची रजा मिळालेल्या त्या कामगारांचा विचार माझ्याही मनात येईल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला