ओढ्यावरच्या मोरीत दिसणारा ‘ह्यूम पाईप’ आणि त्याचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद

जुन्नर, आंबेगावच्या कुठल्याही गावात जा. ओढ्यावरून रस्ता न्यायचा असला की सिमेंटचे मोठे गोल पाईप ओळीने टाकतात, वर मुरूम पसरतात आणि रस्ता सुरू. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत याला ‘ह्यूम पाईप टाकणे’ म्हणतात.

ह्यूम हे खरं तर आडनाव. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये हे तंत्र शोधलं. ते भारतात आणून त्याची कंपनी उभी करणाऱ्यांत पुढे होते सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार. कॉलेज अर्धवट सुटलं, पण पेढीवर मन रमेना. मग त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेणाऱ्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली. सुरुवात झाली बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून.

पुढे कामं मोठी होत गेली. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाटातले बोगदे आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणारी पाईपलाईन, ही त्यांच्या कंपन्यांची गाजलेली कामं. इंग्रजांच्या काळात एवढी कंत्राटं देशी माणसाने मिळवणं सोपं नव्हतं.

कंत्राटदाराची खरी डोकेदुखी असते साईटवर. तिथे सगळं उघड्यावर. पाऊस आला की काम बंद, मिस्त्री बदलला की दर्जा बदलला.

१९२६ मध्ये ‘इंडियन ह्यूम पाईप’ कंपनी सुरू झाली आणि या डोकेदुखीवर एक उत्तर मिळालं. लोखंडी सळ्यांचा पिंजरा साच्यात ठेवायचा, साचा जोरात फिरवायचा आणि आत काँक्रीट सोडायचं. फिरण्याच्या जोराने काँक्रीट कडेला दाबलं जातं, जादा पाणी सुटतं आणि घट्ट पाईप तयार होतो. साईटवर उरतं ते फक्त खोदणं, पाईप बसवणं आणि सांधे भरणं.

यातली खरी गंमत पुढे आहे. मोरी असो, गटार असो की पाणीपुरवठा, प्रत्येक कामासाठी नवं काही घडवायचं नाही. ठरलेल्या मापांतून व्यास निवडायचा, वर किती वजन येणार ते पाहून एनपी टू, एनपी थ्री असा वर्ग निवडायचा. पाईप जड, लांबून आणणं महाग. म्हणून कंपनीने एकाच ठिकाणी न थांबता देशात जागोजागी कारखाने काढले.

आज मोठ्या शहरांत ‘प्रीकास्ट’ इमारतींची चर्चा आहे. भिंती, जिने, स्लॅब कारखान्यात बनवायचे, तेच भाग वेगवेगळ्या इमारतींत वापरायचे. विचार तोच.

अर्थात कारखाना दर्जा देतो, अक्कल नाही. ओढ्याच्या पुराचा अंदाज चुकला आणि लहान व्यासाचा पाईप टाकला, तर उत्तम पाईपसुद्धा रस्ता वाचवू शकत नाही.

वालचंद यांचं निधन ८ एप्रिल १९५३ ला झालं. सिंधिया कंपनीची जहाजं, बंगळुरूचा विमान कारखाना, प्रीमियरच्या मोटारी आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर यांमुळे त्यांचं नाव घेतलं जातं. पाईपची आठवण कुणी काढत नाही. पण त्यांच्या सगळ्या उद्योगांत गावोगावी, अगदी बांधापर्यंत पोचली ती हीच वस्तू.