शंटमागचे हात

मी पडलो कॉन्व्हेंटचा, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या. पण ही गोष्ट माझ्या आईलाही वाचता यावी, म्हणून मराठीतच लिहितोय.

माझी धाकटी बहीण जन्मली ती निळी. हृदयाचा पंप करणारा कप्पा एकच. पहिल्या ऑपरेशनमध्ये तिला शंट बसवला. तो कुणी शोधला हे वाचताना मला व्हिव्हियन थॉमस सापडले.

थॉमस यांचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या लुइझियानाचा. कृष्णवर्णीय सुताराचा मुलगा, वडिलांच्या हाताखाली रंधा मारत वाढला. कॉलेजसाठी साठवलेले पैसे मंदीत बँकेबरोबर बुडाले. १९३० मध्ये ते डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचं, हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा. १९४१ मध्ये दोघं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला आले. तिथे डॉ. हेलन टॉसिग यांनी प्रश्न घातला : निळ्या बाळांच्या फुप्फुसात जास्त रक्त कसं पोचवायचं? हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, हे थॉमस यांनी कुत्र्यांवर शेकडो वेळा करून बसवलं. बारीक सुया नव्हत्या, त्या मोठ्या सुया कापून त्यांनी स्वतः केल्या. २९ नोव्हेंबर १९४४ ला ब्लॅलॉक यांनी एका तान्ह्या मुलीवर ऑपरेशन केलं, तेव्हा थॉमस मागे स्टुलावर उभं राहून टाके सांगत होते. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण पुढे हजारो वाचली. शंटला नावं लागली ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची. थॉमस यांना हॉपकिन्सची मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ मध्ये. १९८५ मध्ये ते वारले. आता बरेच डॉक्टर शंटच्या नावात थॉमसही घेतात.

बहिणीचं पुढे फॉन्टन ऑपरेशन झालं. त्यात अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसात जातं. आपण मेकॅनिकलवाले लगेच ओळखू : पंप नाही, म्हणजे मागे प्रेशर वाढणार. ते येतं लिव्हरवर. रक्त तुंबून लिव्हर हळूहळू कडक होतं, आणि बरीच वर्षं काहीच जाणवत नाही. आम्हाला वाटलं, ऑपरेशन झालं, सुटलो. दोन वर्षं तपासणी आम्हीच चुकवली. गेल्या दिवाळीत केली, तर लिव्हर कडक व्हायला लागलेलं. आता दर वर्षी जातो.

तुमच्यात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर लिव्हरची तपासणी चुकवू नका.

आणि हो, आपल्याला फाईल कशी धरायची ते शिकवणाऱ्या वर्कशॉपच्या मामांचं पूर्ण नाव मला परवापर्यंत माहीत नव्हतं. विचारून घेतलं.