सायकलवाले लक्ष्मणराव

आमचं जिते मुंबई-गोवा हायवेच्या कडेला. रविवारी पहाटे इथून सायकलवाल्यांचे थवे जातात. डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे आणि खाली त्या बारीक टायरच्या सायकली! त्यातले काही पेणवरून खोपोलीकडे वळतात आणि बोरघाट चढतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच घाटात जो सगळ्यांच्या आधी माथा गाठतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. एवढ्या चढावर चेन उतरली किंवा ब्रेक चाकाला घासू लागला, तर मांड्यांतला जोर काय कामाचा? म्हणून ही मंडळी सायकलचं तेलपाणी स्वतःच्या हाताने करतात.

मैत्रिणींनो, हे पाने-तेलाचं काम करायला शिकल्यासवरल्या माणसाला लाज वाटायचं कारण नाही, हे ज्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं, त्यांची आज गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर! पंप, इंजिन, नांगर म्हटलं की हे नाव आठवतं. पण सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली हे सांगितलं की आमच्याकडच्या मुलींना खरंच वाटत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ती पंडित. मुलाला मात्र पोथीपेक्षा चित्रांचा आणि यंत्रांचा नाद. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळलं, की त्यांना काही रंगांतला फरकच ओळखू येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला केवढा धक्का! पण त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं धरली, तिथे काळी रेघ पुरते. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल तेव्हा अगदी नवी होती. डनलॉपने हवा भरायच्या टायरचं पेटंट घेतलं तेच मुळी १८८८ साली. त्याच साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, दुरुस्त करायचे आणि बसायलाही शिकवायचे. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवण्याची फी पंधरा रुपये, असं लिहून ठेवलेलं आहे. त्या काळचे रुपये बरं का! म्हणजे गिऱ्हाईक मोठं, आणि त्याच्यासमोर हात काळे करून बसलेला पंडिताचा मुलगा.

तेव्हाच्या सायकलींना फ्रीव्हील नसायचं. चाक फिरलं की पायडलही फिरणारच, उतारावर पाय वर घ्यावे लागायचे. गियरचा तर पत्ताच नव्हता. चढ आला की मुकाट्याने उतरायचं आणि ढकलायचं. अशा सायकलीच्या चाकाचा आउट काढायचा, छर्रे बदलायचे, पंक्चरला ठिगळ लावायचं, हे सगळं दुकानातच शिकून घ्यावं लागे. मला वाटतं, लक्ष्मणरावांची खरी शाळा हीच. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र खोलून पाहिल्याशिवाय आपलं यंत्र कुठून सुचणार?

१८९७ साली इन्स्टिट्यूटमध्ये बढती त्यांच्या हक्काची असताना ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला आले. आता घर चालवायचं ते दुकानावरच. सायकलीबरोबर कडबा कापायचं यंत्र तयार झालं, मग लोखंडी नांगर. नांगर घ्यायला मात्र कोणी तयार होईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! घरात बसून माल बघत राहणाऱ्या बाईला विचारा, दोन वर्षं म्हणजे काय ते.

इथे जरा फ्रान्समधली एक गोष्ट सांगते. १९१३च्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत तूरमाले नावाच्या मोठ्या घाटात यूजेन क्रिस्तोफ या गड्याच्या सायकलचा, पुढचं चाक धरणारा चिमटाच मोडला. दुरुस्ती ज्याची त्याने करायची, मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. तरी त्याला दंड झालाच, कारण भाता एका पोराने ओढला होता! तेव्हा सायकल चालवणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस असायचा.

आमच्याकडे मात्र उलटं झालंय. मंडळाच्या कामासाठी वाड्यांवर जाते तेव्हा दिसतं, शाळेसाठी मिळालेल्या मुलींच्या सायकली पडवीत पडून आहेत. एक पावसाळा आणि खाडीची खारी हवा, एवढ्यात चेन गंजते. पंक्चर काढायला पेणला जायचं, तर सायकल न्यायची कशी? मग पोरगी मिनीडोरने जाते, पैसे नसले की घरी राहते. भावाला पाना धरायला शिकवतात, तिला कोणी शिकवत नाही. गेल्या दिवाळीनंतर आम्ही एका पंक्चरवाल्या काकांना बोलावून आठ-दहा मुलींना ठिगळ लावायला आणि चेन घासून तेल घालायला शिकवलं. दोघींच्या आया कुरकुरल्या, हात काळे होतात म्हणून. त्यांना मी लक्ष्मणरावांचंच उदाहरण दिलं.

तर, नांगर हळूहळू खपू लागले आणि बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. लक्ष्मणराव तेव्हा औंधला देवळाच्या मंडपाच्या कामावर होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा आणि दहा हजार रुपये कर्ज देऊ केलं. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन ठरली. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे उतरली, तीच किर्लोस्करवाडी. नवऱ्याने भाड्याचं घर बदललं तरी आपली तारांबळ उडते. इथे राधाबाई किर्लोस्कर आणि बाकीच्या बायका माळावर चुली मांडून बसल्या! कारखान्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एखाददुसरी ओळ येते, याचं मला वाईट वाटतं.

वाडीत अस्पृश्यता पाळायला लक्ष्मणरावांनी बंदी केली. तुरुंगातून सुटून आलेल्यांना त्यांनी रात्रीचे राखणदार नेमलं, हे तर आजही कोणाच्या छातीला झेपणार नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवायला जुन्या तोफा दिल्या. तोफांचे नांगर झाले!

१९२०मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. त्याच साली पुतण्या शंकरराव यांनी कारखान्याची बातमी देणारं ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३०मध्ये शंकररावांनीच ‘स्त्री’ सुरू केलं. आपल्यापैकी कित्येकींच्या आई-आज्यांनी दुपारची झाकपाक आटोपून वाचलेलं मासिक ते हेच. शिक्षण, लग्न, कमाई यावर त्यात बायका स्वतः लिहू लागल्या.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर वाडीत पंप बनत होते, पुण्यात ऑइल इंजिनं बनत होती आणि नांगराला नावं ठेवणाऱ्या शेतकऱ्यांची नातवंडं त्याच पंपाने मळे भिजवत होती. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.