ते दुसरे टिळक

टिळक म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे लाल पगडी उभी राहते. मला मात्र लहानपणापासून दुसरेच टिळक ठाऊक होते. नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी पेटी-तबल्यावर भजने होतात. त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण तिला ती तोंडपाठ आहेत. तुकोबांचा अभंग कोणता आणि टिळकांचे भजन कोणते, हे तिला नीट सांगता येत नाही. टिळकांना हे कळते तर त्यांना आनंदच झाला असता!

कॉलेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मैत्रिणीने मला कौतुकाने विचारले की, ख्रिश्चन असून तुझे मराठी इतके चांगले कसे? तिचा हेतू वाईट नव्हता. पण मला उत्तर सुचेना. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. विचारणार तरी कोणाला? मग ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली आणि या माणसाच्या मागे लागले.

टिळकांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. आई लहानपणीच गेली, वडील कमालीचे तापट. मुलगा नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला. लग्न झाले, पण पाय एका जागी ठरेना. आज ही नोकरी, उद्या ते गाव. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला आणि ते अस्वस्थ झाले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही गोऱ्या साहेबाच्या हातून नव्हे, तर देशी पाळकाच्या हातून. हा त्यांचा करारीपणा मला फार आवडतो.

पण या निर्णयाची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी! नवरा जिवंत असून त्या पोरक्या झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी सुमारे पाच वर्षे काढली. टिळकांवर माझी श्रद्धा आहे, तरी येथे मला त्यांचा राग आल्यावाचून राहत नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला परत आल्या, पण धर्म बदलायला नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मग एके दिवशी त्या माउलीच्या मनात आपोआप उजाडले की, माणसे देवाने केली, जाती त्याने केल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. माझ्या मते त्यांचे खरे धर्मांतर त्या पाण्याच्या घोटाबरोबरच झाले.

टिळकांनी नगरला राहून काय केले? चर्चमध्ये इंग्रजी चालीवर बेतलेली गाणी चालत, तेथे त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आणले. आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यामागे त्यांची खटपट होती. तेथे कविता म्हणणारा एक पोरगा, त्र्यंबक ठोमरे, 'बालकवी' झाला. पुढे तो टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. शाळेत आम्हाला टिळकांची कविता होती. ते फुलामुलांचे कवी, एवढे गुरुजींनी सांगितले. ख्रिस्ती होते, हे सांगायचे राहून गेले. मी बाकावर बसून वाट पाहत होते.

शेवटी त्यांना मिशनचा पगारही नकोसा झाला. 1917 साली तो सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कोणीही तेथे यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो! मिशनऱ्यांना हे सारे पटण्यासारखे नव्हतेच. पण देह थकला होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवटच राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना धड शाळाही लाभली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी 'स्मृतिचित्रे' आजीला वाचून दाखवली. आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. आजीने लहानपणी विहिरीपाशी तासन्‌तास उभे राहून वरून ओतलेले पाणी घेतले आहे. लक्ष्मीबाईंच्या वेगळ्या पाण्याचा भाग आला तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. ती बाई शेवटी आपल्यातल्यांच्या हातचे पाणी प्यायली का, एवढेच तिने विचारले. प्यायली, असे मी म्हटले. मग तो भाग तिने मला पुन्हा वाचायला लावला.