कासवांचा मेंदूतज्ज्ञ

मुलांना रोबोट चालवायला शिकवताना एक गंमत हमखास दिसते. ‘सरळ जा, भिंत लागली की मागे फिर’ एवढ्याच सूचना दिल्या, तर रोबोट दोन भिंतींच्या मध्ये एकाच रेषेत येरझाऱ्या घालत बसतो. मग एक छोटा बदल करायचा. भिंत लागली की किती वळायचे, हा आकडा दर वेळी फासा टाकल्यासारखा निवडायचा. आता तो अडकून पडत नाही, खोलीभर हिंडतो.

या खेळाचे एक मूळ मेंदूच्या प्रयोगशाळेत आहे. विल्यम ग्रे वॉल्टर यांचा जन्म १९१० साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीत झाला. लहानपणीच ते इंग्लंडला आले आणि केंब्रिजमध्ये शिकले. मेंदूचा विद्युत आलेख म्हणजे ईईजी तेव्हा बाल्यावस्थेत होता. गाठ असलेल्या भागाजवळ मेंदूच्या लहरी संथ होतात, हे त्यांनी १९३६ मध्ये दाखवले आणि त्या लहरींना डेल्टा हे नाव दिले. आजही ईईजी वाचताना आम्ही डॉक्टर तोच शब्द वापरतो.

पुढे ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये, १९४८-४९ च्या सुमारास, त्यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवे बनवली. प्रत्येकात मज्जापेशींच्या जागी फक्त दोन व्हॉल्व्ह होते. सोबत प्रकाश टिपणारा एक डोळा आणि धक्का ओळखणारे कवच. डोळा गोल फिरत प्रकाश शोधायचा. मंद उजेडाकडे कासव जायचे, प्रखर उजेड टाळायचे, धडकले की रेटत, वळत वाट काढायचे. बॅटरी उतरली की दिवा लावलेल्या घरट्यात परतायचे. रचना इतकी साधी, तरी पुढच्या क्षणी ते कुठे वळेल हे सांगता येत नसे. चाचपडणे, धडकणे, पुन्हा वळणे हीच सजीवांच्या शिकण्याची सुरुवात असते. पाळण्यातले बाळ हातपाय झाडते तेही असेच.

सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. तिच्या आज्ञांवर चालणाऱ्या रोबोटचे ‘टर्टल’ हे नाव वॉल्टर यांच्या कासवांवरूनच आले. आपल्या शाळांतील मुले आज ‘स्क्रॅच’मध्ये रँडम आकडा निवडतात, तेही याच परंपरेतले.

१९७० मध्ये स्कूटरच्या अपघातात वॉल्टर यांच्याच मेंदूला गंभीर इजा झाली. त्यांचे संशोधन तिथेच थांबले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

सरकारी रुग्णालयात दुचाकीवरून पडलेले, डोक्याला मार लागलेले रुग्ण पाहताना मला ते आठवतात. मुलांच्या रोबोटला हवे तितके धडकू द्यावे, प्रत्येक धडकेतून मूल काहीतरी शिकते. पण त्याच मुलाला शाळेत सोडताना त्याच्या डोक्यावर आणि आपल्याही डोक्यावर हेल्मेट असू द्यावे. रोबोट पुन्हा सुरू करता येतो, मेंदूची तशी सोय नाही.