अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

भावनगरहून मुंबईला जाताना उंबरगाव मागे पडले की घोलवड स्टेशन लागते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. चिकूच्या वाड्या दिसतात आणि निघून जातात. त्याच भागात बोर्डी गाव आणि कोसबाडची टेकडी आहे. आपले भावनगर आणि ते कोसबाड यांना जोडणारी एक मराठी बाई होऊन गेली. आपण इथे राहतो, म्हणून तिची ओळख आपल्याला असायलाच हवी.

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे असे मानणारे घर. १९१४ साली ताराबाई बी.ए. झाल्या. पुढच्याच वर्षी लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या, तेव्हा पदरात लहान मुलगी होती. त्या काळात एकट्या बाईने असे बाहेर पडणे किती अवघड असेल, याची आपण कल्पनाच करावी. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. मानाची, चांगल्या पगाराची नोकरी होती.

ती नोकरी त्यांनी सोडली! भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. मूळचे वकील असलेले गिजुभाई मॉन्टेसरी पद्धतीने मुलांना शिकवत. छडी नाही, धाक नाही. गुजराती माणूस त्यांना आजही प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणतो. ताराबाई १९२३ साली त्यांच्याकडे आल्या आणि नऊ वर्षे इथे राहिल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघाली आणि पुढे ताराबाईंनी ती मराठीतही आणली. परक्या मुलखात जाऊन तिथली भाषा आपली करायची आणि तिथे शिकलेले आपल्या माणसांपर्यंत न्यायचे, हे त्यांनी आपल्याआधी किती तरी वर्षे करून दाखवले.

१९३२ साली त्या मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. काम उत्तम चालले होते. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. मॉन्टेसरीची साधने महाग, त्यामुळे ही शाळा शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांनाच मिळे. गरिबाच्या मुलाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्या १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडी उघडली, पण हरिजन वस्तीतली मुले काही येईनात. मग या दोघी वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुलांना जमवू लागल्या. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी आणि गोष्टी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. अंगणवाडी ती हीच.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मुलखात गेले. इथे अडचण आणखी वेगळी. मोठी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणार, मुलगा गुरे राखणार. मग शाळेत येणार कोण? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटा पाळणाघरात राहिला की मोठी वर्गात बसू शकते. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. अडचण नेमकी कुठे आहे ते जागेवर जाऊन पाहायचे आणि तिथेच इलाज करायचा. आम्हा लाइनवरच्या माणसांना ही रीत लगेच पटेल.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. काम अनुताईंनी पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

मी डिप्लोमा झालेला साधा इंजिनिअर. गेज बदलाच्या कामावर असताना रोज पाहायचो. मजूर बाया खडी वाहायच्या आणि त्यांची तान्ही मुले बाभळीला बांधलेल्या साडीच्या झोळीत असायची. जरा मोठी मुले खडीच्या ढिगावर खेळायची. मी स्लीपर मोजले, खडीची घनफुटे मोजली. ती मुले किती होती, हे कधी मोजले नाही. ताराबाईंचे चरित्र वाचल्यावर याची लाज वाटली.

म्हणून मंडळाला एक विनंती. मंडपाचा खर्च भागून वर्गणीतून जे उरेल, त्यातला काही भाग जवळच्या अंगणवाडीसाठी ठेवावा. सतरंजी, पाण्याचे पिंप, चित्रांची पुस्तके एवढ्यापासून सुरुवात करू. आणि पैशाबरोबर आपल्यापैकी कुणीतरी आठवड्यातून एक तास तिथे जाऊन बसावे. बाप्पाला आपण विद्येचा देव म्हणतो. त्याच्या नावाने जमलेला पैसा मुलांच्या कामी आला, तर त्याहून मोठी आरती कोणती?

गणपती बाप्पा मोरया!